सुरई काही केल्या होईना

दवाखान्याच्या मागच्या इमारतीत एक लांबट खोली होती. पूर्वी तिथे चादरी धुतल्या जात. त्या खोलीबाहेरच्या बाकावर तो बसला होता. काटकुळा, डोक्यावर औषधालाही केस नाही, डोळे मिटलेले, आणि मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं प्लास्टिकचं भांडं.

तिने ते पाहिलं आणि ती थबकली. असंच भांडं धरून तीही बसायची, अगदी आताआतापर्यंत. एरवी परक्या माणसाशी आपण होऊन बोलणाऱ्यातली ती नव्हती. पण त्या भांड्याने तिला राहवेना. ती हळूच त्याच्या शेजारी टेकली.

"पहिलीच वेळ का?"

त्याने डोळे उघडले. त्याच्या चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला होता. भावाच्या चष्म्याच्या दुकानात उभी हयात गेलेली ती, तिच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"हो… पहिलीच," तो म्हणाला. "तोंडाला नुसती कोरड पडलीय."

"पडतेच. सुई लावली की तोंडात बर्फाचा खडा धरायचा, म्हणजे तोंड येत नाही. आणि मळमळलं तर लाजायचं नाही हं. भांडं आहेच."

तो भांड्याकडे बघत राहिला. "बरं."

"आणि केसांचं मनाला लावून घेऊ नका. परत येतात. हे बघा—" आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत तिने डोक्यावरचा रुमाल मागे सारला. बोटभर वाढलेले, हट्टी, कुरळे केस. आरशाखेरीज ते कुणी पाहिले नव्हते, अगदी वहिनीनेसुद्धा.

त्याने ते पाहिले. अगदी मन लावून पाहिले. "छान आहेत," तो म्हणाला. "पण माझे येतील असं वाटत नाही."

"असं बोलू नये. सगळ्यांचे येतात."

"आमच्या बाबांचे नाही आले. आजोबांचेही नाही. आमच्या घरात पंचविशी उलटली की मैदान मोकळं!"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आल्या. दवाखान्यातून निवृत्त होऊनही त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता. कलावंत आणि आजारातून उठलेली माणसं यांच्या जोड्या लावायच्या, दोघांनी मिळून काहीतरी घडवायचं, म्हणजे औषधं जिथे पोचत नाहीत तिथे थोडी फुंकर घातली जाते, हा सगळा उद्योग त्यांचाच.

"अरे वा, ओळख झालीसुद्धा! बाळ, हा आपला मातीकाम करणारा. आणि तू रे, ही तुझी जोडीदार. जोड्या मी लावल्यात, तक्रार चालायची नाही."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मग… हे भांडं?"

"कालवलेली माती आहे. सांडू नये म्हणून धरून बसलोय." त्याने भांडं तिरकं करून दाखवलं.

"आणि तोंडाला कोरड?"

"दवाखान्याची भीती वाटते मला. लहानपणापासून."

"सांगायचं नाही का मग!"

"सवड कुठे दिलीत? शिवाय…" तो उठता उठता म्हणाला, "इतक्या मायेने माझ्याशी बोलतं कोण? म्हटलं, पुरतं ऐकून तरी घ्यावं."

तिने रुमाल पुढे ओढला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

*

नेम असा होता की दर मंगळवारी दुपारी जोडीने बसायचं. एक वस्तू करायची. ती भट्टीतून भाजून निघाली की त्या जोडीचं काम संपलं. मग कलावंताकडे पुढचं माणूस. वाट बघणारे बरेच होते.

"काय करूया?" त्याने विचारलं.

"सुरई. लांब मानेची."

"पहिल्याच दिवशी माझी परीक्षा?"

"जमत नसेल तर सांगा."

"जमेल हो. तुम्ही म्हणाल तर जिराफ करू."

तिने मातीची दोरीसारखी लांब वळी हातात घेतली, खालच्या थरावर ठेवली, जोडण्यासाठी दाबली, आणि तिचं बोट थेट आरपार गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा भोक. औषधांनी तिचा आजार घालवला खरा, पण जाता जाता बोटांतली जाणीवही नेली होती. पेरापेरांत कापूस भरल्यासारखं वाटे. दुकानात चष्म्याचे ते तिळाएवढे स्क्रू ती एके काळी डोळे झाकून बसवायची. आता तिच्या चिमटीत स्क्रू आहे की नाही, हेच तिला कळत नसे. भावाने काही न बोलता तिला गल्ल्यावर बसवलं होतं.

"मला कळत नाही," ती मान खाली घालून म्हणाली. "बोटांना… काहीच कळत नाही."

अरेरे म्हणेल, असं तिला वाटलं. लोक म्हणतात.

"मग डोळ्यांनी दाबा," तो म्हणाला. "नखाकडे बघायचं. अर्धं नख मातीत बुडालं की थांबायचं."

तिने करून पाहिलं. अर्धं नख… थांब. अर्धं नख… थांब. वळी बसली. ती इतकी हसली की पलीकडच्या टेबलावर चित्र काढणारे आजोबा वळून बघायला लागले.

त्या दिवशी सुरईची मान मोडली, पण तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

*

"मंगळवारी रुमालाला इस्त्री असते हल्ली," दुकानात काचा पुसता पुसता वहिनी म्हणाली.

"सगळेच रुमाल इस्त्री करते मी."

"हो, हो. आणि मंगळवारी सकाळी गिऱ्हाइकाला उरलेले पैसे दोनदा देतेस, तेही रोजचंच असेल."

"वहिनी!"

"मी कुठे काय म्हणतेय? तुझे मातीवाले बरे आहेत ना, एवढंच विचारायचं होतं."

तिने गल्ल्यातली नाणी पुन्हा मोजायला घेतली. वहिनीनेही मग काच जरा जास्तच पुसली. तो विषय घरात काढायचा नव्हता. आजाराचं कळलं तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं. रिपोर्ट हातात आला त्याच संध्याकाळी तिने स्वतःहून त्या घरी शब्द परत पाठवला, आणि आईला, दादाला, वहिनीला समोर बसवून सांगितलं, "पुन्हा माझ्या लग्नाचं नाव नाही." आता ती बरी होती. पण दर सहा महिन्यांनी तपासणी असायची, आणि त्या आठवड्यात तिला श्वाससुद्धा उसना आणल्यासारखा वाटे. त्या आठवड्यांच्या दाराशी आणखी एका माणसाला उभं करायचं? नाही. ते तिने मनाशी पक्कं केलं होतं.

तिच्यापाशी होते ते एवढे मंगळवारच, म्हणूनच पुढच्या मंगळवारी ती घाबरली. सुरई पूर्ण झाली होती! गोल पोट, लांब मान, किंचित बाहेर वळलेला ओठ. त्याने तिच्यावर ओलं फडकं गुंडाळलं.

"आठवडाभर अशी सावकाश सुकली की झालं. मग थेट भट्टी."

"आणि मग?"

"मग…" त्याने हात पुसले. खूप वेळ पुसले. "मग सिस्टर दुसरं कुणीतरी देतील."

ती निघाली. फाटकापर्यंत गेली आणि पर्स विसरल्याचं निमित्त करून परत आली. खोलीत कुणी नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि झटकन फडकं काढून टाकलं.

उघडी माती भराभर सुकते आणि तडकते. हे त्यानेच शिकवलं होतं.

पुढच्या मंगळवारी सुरईला गळ्यापासून पोटापर्यंत भेग होती. "फडकं वाऱ्याने उडालं असेल," ती म्हणाली. खिडक्या बंद होत्या. तो खिडक्यांकडे बघून म्हणाला, "असेल, असेल. वाऱ्याचं काय सांगावं."

पुन्हा पहिल्यापासून. बाहेर झिमझिम चालू होती आणि खोलीभर ओल्या मातीचा वास. त्याचा चष्मा घसरत होता.

"तो दोरा का बांधलाय?" तिने विचारलं.

"स्क्रू हरवला."

"दुकानात या. दादा बसवून देईल."

"तुम्ही नाही बसवणार?"

तिचे हात थांबले. "आता नाही जमत मला."

"मग राहू दे," तो म्हणाला. "दोरा बरा आहे. मला घाई नाही."

तिला एकदम काहीतरी शोधायचं आठवलं आणि ती टेबलाखाली वाकली. तिथे काहीच नव्हतं.

त्या दिवशी तिने फडक्याला हात लावला नाही. पाप वाटलं तिला. पण पुढच्या वेळी बघते तर सुरई बसकण मारून बसलेली, मान खांद्यावर टाकून, जशी काही जेवणानंतर डुलकी लागलीय.

"हवा दमट आहे," तो घाईघाईने म्हणाला.

"हो ना, फारच दमट," ती त्याहून घाईने म्हणाली.

सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आजोबांची चार चित्रं भिंतीला लागली. गाणाऱ्या पोरींचं गाणं बसलं. तुमची एक सुरई काही केल्या होईना? हेडमास्तर कधीचे थांबलेत याच्याकडे शिकायला!"

*

रोज सकाळी जमिनीवर पाय ठेवण्याआधी ती हात जोडत असे. काही मागायचं नाही, फक्त दिवस दिल्याबद्दल आभार मानायचे. आजारपणातही तिने हा नेम मोडला नव्हता. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली त्या दिवशीसुद्धा तिने काही मागितलं नव्हतं.

आणि त्या मंगळवारी तिने हात जोडले आणि तोंडातून निघून गेलं, "देवा, तेवढी सुरई तडकू दे."

तिने जीभ चावली. काय मागून बसलो आपण! पण मागणं परत घ्यायचंही तिच्या जिवावर आलं. आदल्या मंगळवारी पुन्हा नवी सुरई झाली होती, आणि निघताना तिने पुन्हा फडकं काढलं होतं. आज भेग असणारच. असायलाच हवी.

ती खोलीत शिरली. तो टेबलापाशी उभा होता. दोघांच्या मधे सुरई होती आणि तिच्यावर फडकं होतं. तिला नवल वाटलं, पण विचार करायला वेळ नव्हता, कारण सिस्टरनी फडकं ओढलंसुद्धा.

सुरई ताठ उभी होती. ना भेग, ना बाक. कुणाचीही नजर लागावी अशी.

"झाली की गं बाई!" सिस्टरनी टाळ्या पिटल्या. "इतकी सारखी सुकलेली सुरई मी बघितली नाही. थांबा, भट्टी लावून येते. आणि हेडमास्तरांना पुढच्या मंगळवारी बोलावते."

त्यांच्या चपलांचा आवाज दूर गेला. दोघं सुरईकडे बघत उभे राहिले. लग्नघरात कुणीतरी वाईट बातमी आणावी तसे चेहरे.

"पण असं कसं झालं?" तिच्या तोंडून निघून गेलं. "मी तर फडकं काढून ठेवलं होतं!"

तो सुरईवरून नजर काढून तिच्याकडे वळला.

"काय केलं होतंत?" त्याने सावकाश विचारलं.

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तो रागावला नव्हता. तो डोळे विस्फारून बघत होता.

"म्हणजे ते तुम्ही… आणि मी संध्याकाळी येऊन बघतो तर फडकं खाली! म्हटलं आयतंच झालं, आणि ते पाण्यात बुडवून चांगलं निथळतं गुंडाळलं."

"का?"

"जास्त पाणी झालं की माती बसते. मागच्या वेळेला बसली होती ना, तशी."

"ती… तुम्ही?"

"दोन पेले ओतले होते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिने सुकवलं, त्याने भिजवलं. दोघांनी मिळून मोडायला घेतलेली सुरई दोघांनी मिळूनच राखली होती. आधी तिच्या खांद्यांना हसू फुटलं, मग त्याला, आणि मग दोघांनाही आवरेना. तिने पदराने डोळे पुसले. पुसता पुसता हसू कधी विरलं ते तिलाच कळलं नाही.

"असं करायला नको होतं आपण," ती हळू म्हणाली. "माझी दर सहा महिन्यांनी तपासणी असते. पुढची आलीच आहे. त्या आठवड्यात मी माणसात नसते. कुणाशी बोलत नाही. आणि त्यानंतर काय, ते मला सांगता येत नाही. मी कुणाला शब्द देऊ शकत नाही हो."

"मी मागितला का शब्द?"

"मग काय मागता?"

तो अडखळला. इतका बोलका माणूस, पण शब्द शोधायला लागला. "एक दुपार," तो म्हणाला. "आठवड्यातली एक. ती झाली की पुढची मागेन. एकदम सगळं मागायची छाती नाही माझी."

"आणि तपासणीचा आठवडा?"

"तुम्ही बोलू नका. मी बोलेन. मला कुठे गप्प बसता येतं? आणि बाहेरच्या बाकावर बसेन. भांडं घेऊन."

"तुम्हाला तर दवाखान्याची भीती वाटते."

"वाटतेच. म्हणून तर तुम्ही लागाल शेजारी."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. मातीने माखलेला त्याचा हात टेबलाच्या कडेवर होता, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर, आणि पुढे यायला धजत नव्हता.

"माझा हात धरलात तरी मला कळायचं नाही," ती म्हणाली. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांत जास्त भीती तिला याचीच होती.

"कुठपर्यंत कळत नाही?"

तिने दाखवलं. पेरं, बोटं, तळव्याची वरची कड. "इथून मागे… कळतं."

त्याने एक बोट तिच्या मनगटावर ठेवलं. अगदी हळू, जेमतेम टेकवलं. ओलं, थंडगार, मातीने खरखरीत झालेलं बोट. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, थेट खांद्यापर्यंत.

"कळलं?"

तिने मान डोलावली.

"काढू?"

बाहेर सिस्टरच्या चपला वाजायला लागल्या. भट्टी तापत होती. पुढच्या मंगळवारी या टेबलापाशी हेडमास्तर बसणार होते. त्याने बोट उचलायला घेतलं, तशी तिने आपला दुसरा हात, ज्याला काही कळत नव्हतं तो, त्याच्या हातावर घट्ट ठेवला. किती जोर लागला ते कळावं म्हणून तिने त्याच्या नखांकडे पाहिलं नाही, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"सोमवारी," ती म्हणाली, "आमचं दुकान बंद असतं."