आवाज नीट आला का?

मासेवाल्याच्या गाडीसमोर रांग होती, आणि वारा असा की माझा रुमाल डोक्यावर कमी अन् तोंडावर जास्त.

"एक हेरिंग, कांदा नको. दोन तळलेले तुकडे. आणि... एक तुकडा अजून," मी म्हणाले.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "गीत दोनशे चौदा. कडवी एक, दोन आणि चार."

मी वळले. उंच, वाऱ्यापावसानं रापलेला चेहरा, ओला कोट, आणि बघणं असं, जणू मी रोज त्याच्या घरी कॉफी पिते.

"काय म्हणालात?"

"रविवारचा आवाज तुमचाच ना? 'चार' म्हणायच्या आधी तुम्ही थांबता. जणू तिसरं कडवं आजारी पडलंय, आणि ते राहून जातंय याचं तुम्हाला वाईट वाटतंय."

"तुम्ही चर्चमध्ये तर कधी दिसला नाहीत."

"मी कशाला येऊ? चर्चच येतं माझ्याकडे. आजोबांच्या खिडकीत, पेटीतून."

मासेवाला म्हणाला, "मारित, तुझा हेरिंग थंड होतोय."

हेरिंग थंडच खातात. तरी मी घाईघाईनं हात पुढे केला.

*

थांबा. पेटीचं आधी सांगायला हवं.

आमच्या गावात अकरा घरांत अकरा माणसं आहेत, ज्यांना आता चर्चपर्यंत येणं होत नाही. कुणाचे गुडघे, कुणाचे डोळे, कुणाचं नुसतं वय. त्यांच्या खिडकीत एक लहान पेटी असते, आणि चर्चमधून निघालेली तार तिथवर जाते. रविवारची उपासना ते घरबसल्या ऐकतात. ऑर्गनच्या मागे, कपाटाएवढ्या जागेत, त्या तारेचं बटण असतं आणि बटणापाशी मी असते. सोळाव्या वर्षापासून. आता सत्तावीस.

उपासनेआधी मी बटण दाबते, सुप्रभात म्हणते, गीतांचे आकडे सांगते. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत नाही. तार एकाच दिशेने जाते. म्हणून सोमवारी मंडळीचं बातमीपत्र घेऊन मी सायकलवरून अकरा घरं फिरते आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारते –

"काल आवाज नीट आला का?"

ही माझी सेवा.

दहावं घर लोल्केआजोबांचं. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून त्यांचा नातू सिप्के बोटीवरची नोकरी सोडून आला होता. मासेवाल्याच्या रांगेतला तो हाच.

*

पहिला सोमवार.

"काल आवाज नीट आला का?"

"आला. पण तुम्ही शिंकलात."

"मी बटण बंद करून शिंकते."

"मग प्रवचन देताना पाळकसाहेब शिंकले असतील. फारच नाजूक शिंकतात बुवा."

दुसरा सोमवार.

मी आत आजोबांशी बोलत होते तेवढ्यात त्याने माझ्या सायकलच्या साखळीला तेल घातलं. न विचारता.

"करकर ऐकू यायची," तो म्हणाला. "पार समुद्राच्या बांधापासून. म्हणजे मला... तयार राहता यायचं."

"कशासाठी तयार?"

"कॉफीसाठी," असं म्हणून तो एकदम सायकलच्या चाकाकडे बघायला लागला.

तिसरा सोमवार.

आमच्याकडे कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं. एकच. मग डब्याचं झाकण बंद होतं, आणि ते बंद झालं की समजायचं, आता उठा. सिप्केने झाकण बंद केलं. माझ्याकडे बघितलं. आणि पुन्हा उघडलं.

मी घरी पोचेपर्यंत त्या झाकणाचाच विचार करत होते.

चौथा सोमवार.

तो घरी नव्हता. मी प्रश्न विचारला. लोल्केआजोबांनी काय उत्तर दिलं, देव जाणे.

पाचवा सोमवार.

टेबलावर एक पत्र. नॉर्वेच्या किनाऱ्यावरची बोट, दोन वर्षांचं काम, आठवड्याभरात उत्तर कळवा.

"चांगली बातमी आहे," मी म्हणाले. सूचना वाचून दाखवतात ना, अगदी त्या आवाजात.

"आहे ना?" तो म्हणाला. आणि वाट बघत राहिला.

मी बातमीपत्र टेबलावर ठेवलं आणि निघाले.

*

मग रविवार आला.

उपासना संपली. सगळे मागच्या खोलीत कॉफीला गेले. मी बटणापाशी बसून राहिले. आक्केमावशी बाकांखालून पेपरमिंटचे कागद झाडून काढत होती. चर्चची झाडलोट, कॉफी, किल्ल्या आणि गावातल्या सगळ्या खबरा तिच्याकडेच असतात.

"काय गं, असं तोंड करून बसलीस? प्रवचन लागलं का?"

आणि मी बोलले. जे बोलले ते जसंच्या तसं देते, कारण पुढे त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या:

"मावशी, सिप्के चाललाय. आणि मला त्याच्याशिवाय करमत नाही. सोमवारी मी अकरा घरं फिरते, पण जाते खरी एकाच घरी. सगळे म्हणतात, मारित किती सेवा करते... ही सेवा नाही गं. हे नुसतं प्रेम आहे."

"मग सांग की त्याला!"

"मेले तरी नाही सांगणार."

आक्केमावशीने केरसुणी भिंतीला टेकवली. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या कोपराशेजारी बघत होती. तिथे बटणाचा लाल दिवा होता.

लागलेला.

आम्ही दोघी त्या दिव्याकडे बघत राहिलो. मग मावशी पुढे झाली, माईकजवळ वाकली, "आमेन," म्हणाली आणि बटण बंद केलं.

*

सोमवार. पाऊस नाही, पण हवेत पाणी. बातमीपत्रं अकरा. प्रश्न एकच.

घर पहिलं. तेत्स्येबाईंनी दार उघडलं आणि माझ्या हातात चहाचं पाकीट कोंबलं.

"हे कशाला?"

"अगं, काल तूच म्हणालीस ना, चहाशिवाय करमत नाही! मला कळवळून आलं बघ. एवढी तरुण मुलगी, घरात चहा नाही."

मी त्यांना मिठी मारली. सगळ्यांना असंच ऐकू आलं असेल तर... तर मी वाचले!

घर दुसरं, घर तिसरं. ऐकू आलं होतं. नीट आलं होतं. नको इतकं.

घर चौथं. इथले आजोबा आयुष्यभर शाळामास्तर होते. त्यांनी मला उंबऱ्यावरच थांबवलं.

"मारित, काल एक चूक झाली तुझी."

"हो मास्तर. बटण बंद करायचं राहिलं..."

"बटणाचं नाही म्हणत मी. 'नुसतं प्रेम' म्हणालीस. 'नुसतं' तिथे चुकीचं आहे. खोड तो शब्द."

घर पाचवं. एक डोळा मिचकावला गेला. नव्वदीच्या बाईने मिचकावला.

घर सहावं. (या घराबद्दल मी काही सांगणार नाही. तिथले आजोबा गाणं म्हणत होते.)

घर सातवं. फोक्येबाई. त्यांना दिसत नाही. त्यांनी माझा हात चाचपडत धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

"अकरा वर्षं तू मला विचारतेस, आवाज नीट आला का. अकरा वर्षं मी हो म्हणते. पण पोरी, तो आवाज आकड्यांचा होता. तुझा आवाज मी काल पहिल्यांदा ऐकला."

"मला फार लाज वाटतेय हो, बाई. इतकी वर्षं तुम्हाला वाटलं, मी देवासाठी येते..."

"दहा वर्षं अन् साडेदहा महिने देवासाठी आलीस ना? मग दीड महिना त्याने तुला दिलाय, असं समज." त्या हसल्या. "त्याने ऐकलं का?"

"देवाने?"

"छे. देव बिचारा ऐकतोच. त्या मुलाने ऐकलं का?"

तोच तर प्रश्न होता. दुसरं काही नव्हतंच. गाव हसलं तर हसू दे. पण त्याने ऐकलं असेल आणि आता सभ्यपणे, बूट पुसत पुसत, काहीतरी चांगलंसं बोलून मला वाटेला लावणार असेल तर? किंवा त्याहून वाईट, दया येऊन राहिला तर?

आठवं घर. नववं घर. मी काय बोलले, कुणी काय बोललं, आठवत नाही. बांधावर मेंढ्या होत्या. एका मेंढीलासुद्धा सगळं माहीत असावं, असं वाटलं.

घर दहावं.

लोल्केआजोबा खिडकीत एकटेच. स्वयंपाकघरात कुणी नाही.

"काल..." मी बातमीपत्र पुढे केलं. "काल आवाज नीट आला का?"

"आला. शेवटपर्यंत आला. आणि शेवटानंतरही आला."

"आणि... तो?"

"तो छपरावर होता. कौल सरकलंय. बादली घेऊन वर गेला तो गीत संपायच्या आतच. एक अक्षर ऐकलं नाही त्याने."

"नक्की?"

"चाळीस वर्षं मी चर्चच्या पंचांत होतो, पोरी. खोटं बोलेन का?"

मी चुलीजवळच्या स्टुलावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. ऐकलं नाही! त्याने ऐकलंच नाही! केवढं हायसं वाटलं... छातीवरून कुणी पिठाचं पोतं उचललं जणू.

मग हळूहळू ध्यानात आलं. त्याने ऐकलं नाही. म्हणजे त्याला माहीत नाही. म्हणजे तो जाणार.

लोल्केआजोबा माझ्याकडे बघतच होते. "हायसं वाटणं बरं असतं," ते म्हणाले. "पण त्याच्यावर पोट भरत नाही."

मागचं दार वाजलं. सिप्के आत आला, हात काळे, केस ओले.

"मारित. आज उशीर झाला तुला."

"तुला"... आजवर "तुम्हाला" होतं. मी उभी राहिले.

"आज काही विचारायला नाही आले," मी म्हणाले. "सांगायला आले आहे."

तो थांबला. मध्ये तार नव्हती, पेटी नव्हती, ऑर्गनचं लाकूड नव्हतं. माझा आवाज मला फार बारीक वाटला.

"मी इथे तुझ्यासाठी येते. आजोबांसाठीही येते, पण... साखळी करकरली नाही तरी मला लांबूनच धडधडायला लागतं. तुला नॉर्वेला जायचं असेल तर जा. पण हे न ऐकता जाऊ नकोस. प्रेम आहे माझं तुझ्यावर. संपलं. एवढंच."

सिप्के काळ्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने मान वर केली. चेहरा असा, की हसू अडवून अडवून दुखायला लागलंय.

"मारित, आपल्या गावात रविवारी छपरावर कोण चढतं गं?"

कुणी नाही. रविवार देवाचा, काम बंद. त्या दिवशी आमच्याकडे कुणी दोरीवर कपडे वाळत घालत नाही, गाडी धूत नाही. छपरावर चढलेल्या माणसाची खबर तर सोमवारच्या आत पाळकसाहेबांपर्यंत पोचली असती.

मी गर्रकन वळले. "आजोबा!"

लोल्केआजोबांनी बातमीपत्र तोंडासमोर धरलं होतं. "कौल सरकलेलं आहे," पानामागून आवाज आला. "तेवढं तरी खरं आहे."

"त्यांना मीच तसं सांगायला लावलं," सिप्के म्हणाला. आता तो हसत नव्हता. "काल तू आक्केमावशीशी बोललीस, माझ्याशी नाही. चुकून कानावर आलेलं धरून मी तुझ्यापुढे कसा उभा राहणार होतो? तुला ते परत घ्यायचं असतं तर... घेता यायला हवं होतं. तू आज गप्प निघून गेली असतीस, तर मी छपरावर होतो. कायमचा."

"रात्रभर झोपले नाही मी!"

"मी तरी कुठे झोपलो? पत्रं लिहीत होतो." त्याने कोटाच्या खिशातून दोन पाकिटं काढली. दोन्हींवर तिकीट. "एक नॉर्वेचं, येतो म्हणून. दुसरं इथल्याच हार्लिंगन बंदरातल्या फेरीबोटीचं. बेटापर्यंत जायचं, परत यायचं. कंटाळवाणं काम. पण संध्याकाळी घरी."

"आणि ठरणार कशावर होतं?"

"तू गप्प निघून जातेस की नाही, यावर. माझं तर केव्हाच ठरलं होतं. मासेवाल्याच्या रांगेतच."

"निघा आता दोघं," बातमीपत्र म्हणालं. "टपाल अकराला उचलतात."

सायकल तशीच भिंतीला टेकवून आम्ही चालत निघालो. खरं तर पळतच. कोपऱ्यावरच्या टपालपेटीला दोन फटी आहेत. एकीवर लिहिलंय – जवळची गावं. दुसरीवर – बाकी सगळीकडे.

सिप्केने दोन्ही पत्रं पुढे केली.

मी हार्लिंगनचं पत्र घेतलं आणि जवळच्या गावांच्या फटीतून आत सोडलं. आत कुठेतरी, बाकीच्या पत्रांवर ते हलकेच पडलं.

नॉर्वेचं पत्र तो फाडायला लागला.

"अरे थांब!" मी त्याचा हात धरला. "तिकीट चांगलं आहे. वाफेवर निघेल."

तो इतका हसला, इतका हसला की पेटीला टेकून उभा राहिला... आणि हसणं ओसरल्यावरही त्याने माझा हात सोडला नाही, उलट जवळ ओढला.

अकराव्या घरी त्या सोमवारी बातमीपत्र फारच उशिरा पोचलं.