कडक पहारा

चंद्रावरच्या वसाहतीत पंधरा वर्षं कुणाला साधी सर्दी झाली नव्हती. अंगातल्या पहारेकरी पेशी कडक करणारी लस डॉ. वसुधा गद्रे यांची, आणि त्याचं सगळं श्रेय त्यांनी आनंदाने मिरवलं होतं. आता त्यांचीच सोळा वर्षांची मुलगी मृण्मयी तापाने फणफणून बेशुद्ध पडली होती.

"तुमच्या पहारेकरी पेशी झोपल्यात का?" वसाहतप्रमुख रेगे अभियंते होते, त्यांना बिघाड कळायला हवा होता.

"उपजत प्रतिकारशक्ती जंतूचा चेहरा बघत नाही, नुसता गणवेश बघते. या जंतूने गणवेश बदललाय."

"चेहरे लक्षात ठेवणारी दुसरी असते ना?"

"अर्जित. तिला शिकवावं लागतं. दूतपेशी जंतूचा नमुना नेऊन दाखवतात, तेव्हा ती शिकते. मी पहारा इतका कडक केला, की या मुलांच्या अंगात दूतपेशी उरल्याच नाहीत."

या जंतूचा चेहरा ओळखणारं रक्त वसाहतीत एकाच बाईचं होतं.

सुलभा तांडेल जलशुद्धी केंद्रात काम करायची. लस पारखताना काही जणांना मुद्दाम नुसतं पाणी टोचलं होतं, त्यात ती आणि तिचा मुलगा निशाद होते. त्याच वर्षी या जंतूच्या पूर्वजाचा ताप आला. निशाद गेला, त्याची शुश्रूषा करताना आजारी पडलेली सुलभा वाचली, लस टोचलेल्यांना काहीच झालं नाही, आणि लस गुणकारी ठरली. पुढे तिने खरी लसही घेतली नाही.

वसुधाबाईंनी हात जोडले. सुलभाने बाही वर केली.

तिच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांनी संध्याकाळपर्यंत मृण्मयीचा ताप उतरला.

"बरी झाली ना आता?" सुलभाने विचारलं.

वसुधाबाई शरमेने म्हणाल्या, "हे उसनं आहे. तीनेक आठवड्यांत संपेल. तिचं शरीर स्वतः काही शिकणार नाही. तुम्हाला पुन्हा पुन्हा यावं लागेल."

"येईन की. पोरीचा काय दोष? पण दर खेपेला सुई टोचायच्या आधी तुम्ही तिला निशादबद्दल सांगायचं. तो कोण होता, कसा गेला. सगळं. माझ्यासमोर."

"सांगेन." वसुधाबाई म्हणाल्या. "पण सुलभाताई, मला त्याचा फक्त चाचणीतला क्रमांक माहीत आहे."

सुलभाने स्टूल ओढलं आणि पलंगाशी बसली.

"मग लिहून घ्या," ती म्हणाली.