परसदारावरच्या फळ्या

वादळांचे महिने लागले की सिएनफुएगोस या बंदरगावात घरोघर हातोड्यांचे आवाज सुरू होतात. गोदीतला जुना हमाल, डावा खांदा उतरलेला म्हातारा एवारिस्तोही सकाळपासून पायरीवर बसून जुने खिळे सरळ करत होता. छपराचे पत्रे दोरखंडानं जमिनीतल्या खुंट्यांना बांधून झाले होते, पिंपं पाण्यानं भरली होती आणि डोलखुर्च्या आत एकीवर एक रचल्या होत्या.

"काय रे, घर बांधलंयस की बोकड?" कुंपणापलीकडून शेजारीण सोइला ओरडली. "पळून जाईल म्हणून भीती वाटते होय?"

"तू आधी तुझी जीभ बांध. वाऱ्याला तीच पहिली सापडायची."

सोइला खदखदून हसली. मग तिची नजर परसदाराकडे गेली. "ते... याही वर्षी तसंच ठेवणार?"

एवारिस्तो खिळा उलटसुलट करत राहिला.

परसदार खाडीच्या बाजूला होतं. त्याची बायको ओब्दुलिया त्याच दारातून गेली होती. त्या वादळात भर दुपारी वारा एकाएकी पडला, लख्ख ऊन आलं, पाखरं बोलू लागली. वादळ सरलं असं समजून सगळी गल्ली टोपल्या घेऊन बाहेर पडली, पडलेले अवोकाडो वेचायला. ती तर वादळाच्या पोटातली पोकळी होती. हे तिथं सगळ्यांना ठाऊक असतं, तरी ऊन पाहिलं की माणूस भुलतो. वारा फिरून उलट्या अंगानं आला आणि खाडी वर चढली. बाकीचे धावत घरी पोचले. ओब्दुलिया पोचली नाही, आणि तिचा देहही कुणाला सापडला नाही. परसातलं अवोकाडोचं झाडही त्याच दुपारी मुळापासून गेलं.

तेव्हापासून प्रत्येक वादळात एवारिस्तो परसदार फळ्या न ठोकता नुसतं कडीवर ठेवायचा. ती आलीच, तर बाहेर ताटकळायला नको.

पण गेल्या वर्षी वारा त्याच दारानं आत शिरला आणि छप्पर घेऊन गेला. मुलगी मिग्दालिया पलंगाखाली शिरली म्हणून वाचली. आता तिच्या खांद्यावर तान्ही मुलगी होती.

"बाबा, दार खिळून टाका," ती म्हणाली. "आईसाठी मीसुद्धा रडते हो. पण तिच्यापायी हिचा जीव घालवू का?"

एवारिस्तोनं नातीच्या टाळूवरून बोट फिरवलं आणि हातोडा उचलला. आतून त्यानं दारावर आडव्या फळ्या ठोकल्या. प्रत्येक घावाआधी तो थोडा थांबायचा, बाहेर कुणी काही म्हणतंय का ते ऐकावं तसा.

वादळ आलं ते पहाटे. दुपारपर्यंत घर बोटीसारखं करकरत राहिलं. मग अचानक सगळं थांबलं. खिडक्यांच्या फटींतून पिवळं ऊन जमिनीवर पडलं. त्याच्यामागून खारट चिखलाचा वास आला, आणि त्यात मिसळलेला पिकल्या अवोकाडोचा.

परसदारावर कुणीतरी हलकेच थाप मारली.

"एवारिस्तो... दार उघड रे. वारा फिरतोय..."

मिग्दालियानं पोरीला छातीशी आवळलं. "बाबा... ऐकलंत?"

"ऐकलं."

तो उठला. त्याचे हात आपसूक फळीवर गेले, बोटं कडेत शिरली. फळी ओढली असती तर निघालीही असती. त्यानं कपाळ लाकडाला टेकलं.

"ओब्दू," तो म्हणाला, "घरात तान्हं आहे गं. आपल्या मिग्दाची मुलगी."

पलीकडे नुसतं पाणी ठिबकत होतं.

"कुणावर गेलीय रे?"

"नाक तुझं आहे," एवारिस्तो म्हणाला. "...चिडतेही तुझ्यासारखीच."

बाहेर कुणी हसलं की हुंदका दिला, कळलं नाही.

"मग नको उघडू."

आणि वारा खाडीकडून फिरून आला. पुढची खिडकी उडाली, पत्रे किंचाळले, दोरखंड तुटायला आले. परसदार मात्र साधं हललंही नाही. एवारिस्तो त्याला पाठ लावून बसून होता, आणि रडत होता.

दुसऱ्या दिवशी तो घराला वळसा घालून मागे गेला. अख्खी भिंत काळ्या चिखलानं माखली होती. दारही माखलं होतं, फक्त मधली एक जागा कोरडी, स्वच्छ राहिली होती. त्या जागेला डोकं होतं, खांदे होते आणि चौकटीपर्यंत पसरलेले दोन हात. बुटकी, रुंद बांध्याची बाई दाराला पाठ लावून उभी राहिली असावी तशी.

त्यानं तिच्या खांद्याच्या जागी तळवा ठेवला. तेव्हा कुठे त्याला दिसलं की पसरलेल्या एका हाताला लागून आणखी एक कोरडी जागा आहे. पुरुषभर उंच. त्या जागेचा डावा खांदा उतरलेला होता, जन्मभर गोदीत ओझी वाहिलेल्या माणसाचा असतो तसा.

एवारिस्तो वळला आणि त्या जागेला पाठ लावून उभा राहिला. ती त्याला तंतोतंत बसली, कुठेच कमीजास्त झालं नाही.

"बाबा, कुठे आहात?" आतून मिग्दालियानं हाक मारली. "कॉफी गार होतेय..."

आणि त्याच्या कानाजवळ, दाराच्या बाहेरच्या बाजूला, कालचाच आवाज हळूच म्हणाला, "जा, पिऊन ये. तुझी जागा धरून ठेवते."