भुरीला सांगितलेलं खोटं

ही गोष्ट खरी आहे.

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत जाऊन कुणालाही विचारा. फक्त मंगलाबाईंना विचारू नका.

का, ते शेवटी कळेल.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मंगलाबाईंच्या मुलाने, हेमराजने, सुरतहून फोन करून सांगितलं की द्वारका-सोमनाथला जायचं ठरलंय, गाडी केलीय, आई तूपण चल. मंगलाबाई आनंदल्या. मग गोठ्याकडे बघितलं आणि आनंद उतरला.

गोठ्यात भुरी होती.

भुरी म्हणजे म्हैस. मंगलाबाईंचे यजमान दगाभाऊ वारले, त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी आणली होती. तेव्हा ती एवढीशी पारडी होती. आता तिचीच पारडी तिच्या पोटाशी ढुशा देत होती. दगाभाऊ गेले, हेमराज सुरतला गेला. मंगलाबाईंशी दिवसभर बोलणारं घरात दुसरं कुणी उरलं नाही. भुरी बोलत नसे, पण ऐकून घेई. मंगलाबाईंच्या तोंडाला जी धार होती, ती सहन करणारी गावात ती एकटीच.

शिवाय शेरू कुत्रा होता आणि एक मांजर. पण त्यांचं काय, कुणीही भाकर टाकली की झालं.

भुरीचं तसं नव्हतं. मंगलाबाईंचा हात लागल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे.

आता दुसऱ्याची म्हैस आठवडाभर सांभाळायला माणूस शोधून बघा. गावात लग्नाला हाक न मारता शंभर माणसं येतात. धार काढायला बोलावलं की सगळ्यांची कंबर एकदम धरते. शेजारच्या धनुबाईंना सांगता आलं असतं, पण शेवग्याच्या झाडावरून दोघींचं बोलणं बंद होतं. झाड धनुबाईंच्या अंगणात, शेंगा मंगलाबाईंच्या. असो.

शेवटी मंगलाबाईंना सुसाना आठवली.

सुसाना विसरवाडीकडची. दरवर्षी कापूस वेचायला नवऱ्याबरोबर यायची. हाताची हलकी, कमी बोलणारी. ती हो म्हणाली. एकदा येऊन शिकूनही गेली. मंगलाबाईंनी तिला आपलं जुनं हिरवं पातळ अंगाभोवती गुंडाळायला लावलं आणि भुरीजवळ बसवलं. तिकडे सगळे असंच करतात. म्हैस माणूस नाकाने ओळखते. जिच्या अंगावर पातळ, तीच मंगलाबाई.

भुरीने वास घेतला. पान्हा सोडला.

मंगलाबाईंना जरा वाईटच वाटलं. पण काम झालं होतं.

निघायच्या दिवशी हेमराजची गाडी भर दुपारी आली. सुसानाची बस संध्याकाळी येणार होती. मधल्या वेळेला गोठ्यात कुणी नसणार होतं.

मंगलाबाईंनी गव्हाण भरली, पातळ खुंटीवर टांगलं. भुरीने दारातल्या पिशव्या बघितल्या...

आणि रवंथ थांबवला.

नुसती बघत राहिली. मंगलाबाईंना ते बघवेना. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या,

"मी आठेच शे वं माय. कोठेच जात नही."

मी इथेच आहे, कुठेच जात नाही. लहान पोराला फसवून आई बाजारात जाते, तसं.

भुरीने पुन्हा तोंड हलवायला सुरुवात केली. मंगलाबाई गाडीत बसल्या.

द्वारकेहून त्यांनी सुसानाला फोन लावला. बंद. रिचार्ज संपलं असेल, असं म्हणून त्यांनी दूध डेअरीतल्या भिकनला लावला. घरचं दूध येतंय का, एवढंच विचारलं.

"येस ना काकू, रोज येस," भिकन म्हणाला आणि हसला. त्याच्यापुढे रांग होती, त्याने फोन ठेवला.

तो का हसला, याचा विचार मंगलाबाईंनी केला नाही. त्यांनी देवासमोर सुसानाच्याही नावाने हात जोडले. हे त्यांनी आयुष्यात फार कमी लोकांसाठी केलं होतं.

परत आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. हेमराजने फाट्यावर सोडलं, त्याला रात्रीच सुरत गाठायची होती. मंगलाबाई पिशवी घेऊन गल्लीत शिरल्या.

धनुबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि, इतक्या वर्षांनी, आपणहून बोलल्या.

"मंगला, आते पिशवी लिसन कोठे चालनी?"

मंगलाबाई थांबल्या. चालनी? त्या तर येत होत्या.

त्या तशाच पुढे गेल्या. मागून धनुबाईंचा दुखावलेला आवाज आला. "इतला दिन ताक दिधं, गोड बोलनी. नि आज वळख बी नही?"

ताक? धनुबाईंना? मंगलाबाईंनी शेवग्याचं प्रकरण झाल्यापासून त्या बाईला पाणीसुद्धा दिलं नव्हतं.

अंगण झाडलेलं होतं. सडा टाकलेला होता. तुळशीला पाणी होतं.

सुसाना मात्र नव्हती.

हाक मारली. उत्तर नाही...

शेरू दारात बसला होता. मंगलाबाईंना बघून तो उठला. शेपूट हलवली नाही. दात दाखवले आणि घशातून गुरगुरला.

"अरे मेल्या, मी शे," मंगलाबाई म्हणाल्या.

शेरूने त्यांच्याकडे बघितलं. मग मागे, घराकडे बघितलं. जणू आत कुणाला तरी विचारत होता, हिला येऊ देऊ का.

मंगलाबाईंचं डोकं फिरलं. आधी सुसानाचा समाचार. फोन लावला आणि या वेळी तो लागला. विश्वास टाकला, म्हैस टाकली, घर टाकलं आणि तू पळून गेलीस, असं बरंच काही त्या एका दमात बोलल्या.

 पलीकडून सुसाना हळू आवाजात म्हणाली,

"बाई, पळून कशाला जाऊ? तुम्हीच जा म्हणालात ना."

ती ठरल्याप्रमाणे त्या संध्याकाळी आली होती. गोठ्यात बघितलं तर हिरवं पातळ नेसून मंगलाबाई पाठमोऱ्या बसलेल्या. धार काढत होत्या. हिने हाक मारली. त्यांनी तोंड वळवलं नाही. फक्त म्हणाल्या, मी आठेच शे, तू जाय पोरी. यात्रा रद्द झाली असेल, असं सुसानाला वाटलं. एवढ्या लांबून दोन बस बदलून आले आणि बाईंनी पाणीही विचारलं नाही. रात्री शहाद्याला बहिणीकडे राहून ती घरी गेली. रागाने फोन बंद ठेवला.

"मला वाईट वाटलं बाई," सुसाना म्हणाली. "पण आवाज इतका गोड होता, की भांडताही आलं नाही."

मंगलाबाईंनी फोन ठेवला.

गोड आवाज...

त्यांना उभ्या आयुष्यात हे कुणी म्हटलं नव्हतं.

आता भिकनचं हसू त्यांना कळलं. रोज स्वतः दूध आणून ओतणारी बाई फोन करून विचारते, दूध येतंय का. त्याला ती गंमत वाटली होती.

धार काढायची वेळ झाली होती. मंगलाबाई बादली घेऊन गोठ्यात गेल्या.

खुंटीवर पातळ नव्हतं.

भुरी धष्टपुष्ट होती. अंगावर एक गोचीड नव्हता. दाव्याची झिजलेली दोरी बदलायची मंगलाबाई दिवाळीपासून म्हणत होत्या. ती कुणीतरी बदलली होती.

त्या खाली बसल्या. कासेला हात लावला.

भुरीने लाथ मारली.

बादली भिंतीवर आपटली. मंगलाबाई शेणात बसल्या. इतक्या वर्षांत भुरीने त्यांच्यावर कधी पाय उचलला नव्हता.

"भुरी... मी मंगला."

भुरी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, कडब्याच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे बघत होती. कान पुढे करून. हेमराज लहान असताना शाळेच्या फाटकातून मंगलाबाईंकडे बघायचा, तशी.

मंगलाबाईंनी मागे वळून पाहिलं.

कुणी नव्हतं.

त्या उठल्या. बादली तिथेच राहिली. ओट्यावर येऊन त्या भिंतीला टेकल्या. कास तटतटलेली, पारडी भुकेली, काय करावं सुचेना. आणि तेवढ्यात गोठ्यातून आवाज आला...

छर्र... छर्र... छर्र...

आधी रिकाम्या बादलीत वाजतो तसा. मग भरत आलेल्या बादलीत वाजतो तसा, जाड.

भुरी अशी रेकत होती, जशी ती फक्त मंगलाबाईंसाठी रेकायची.

मंगलाबाई पदर तोंडात धरून रडल्या. भीती होतीच. पण त्या रडल्या त्या भीतीने नाही. नवरा गेला तेव्हा हिच्या गळ्यात पडून रडले, आणि ही कुणाच्याही हाताला लागते?

मग त्यांना यात्रेला निघतानाचे ते स्वतःचे शब्द आठवले. मी आठेच शे. कोठेच जात नही.

त्यांनी भुरीला फसवलं होतं. भुरीने मात्र ते खरं धरलं होतं...

आणि ते आणखी कुणीतरी ऐकलं होतं.

पुढे असंच चालू राहिलं. माणसाला कशाचीही सवय होते. मंगलाबाई गोठ्याच्या उंबऱ्यावर बादली ठेवायच्या आणि पाठ फिरवून ओट्यावर बसायच्या. बादली भरलेली मिळायची. डेअरीत भिकन फॅट मोजायचा आणि म्हणायचा, काकू, हल्ली फॅट पहिल्यापेक्षा चांगली लागते. मंगलाबाईंना हा अपमानच वाटायचा. हेमराज म्हणाला, सुरतला ये, म्हैस विकून टाक. त्या नाही म्हणाल्या. एकदा गेले होते, तेव्हा परत आल्यावर गोठा गेला. पुन्हा गेले तर काय उरेल?

म्हणून त्यांनी गाव सोडणं बंद केलं. लग्नं टाळली, मयतंही टाळली. शेताशिवाय कुठे जाईनात.

एका संध्याकाळी त्या शेतातून परत येत होत्या. डोक्यावर गवताचा भारा होता. घर सोडून फार वेळ झाला नव्हता.

अंगणातून त्यांचा भाचा हेमकांत बाहेर आला. भावाचा मुलगा, त्यांना फुई म्हणतो. आत्याला भेटायला आला होता. हातात तुपाची बरणी. रुमालाने ओठ पुसत होता. शेरू शेपूट हलवत त्याला फाटकापर्यंत सोडायला आलेला.

हेमकांतने भारा घेऊन उभ्या असलेल्या मंगलाबाईंकडे बघितलं. मग मागे, दाराकडे. पुन्हा त्यांच्याकडे.

"फुई..." तो म्हणाला. "तू तं घरमा व्हती. मी चहा पिना तुन्हा हातना."

मंगलाबाईंनी भारा खाली टाकला. फाटकाला हात लावला.

शेरू गुरगुरला.

आणि घरातून, कपबश्या विसळण्याच्या आवाजातून, त्यांचाच आवाज आला. पण गोड. पाहुण्याला बोलवावं तसा...

"कोन शे वं बहार? उभी काबर? घरमा ये ना."

हेमकांत तिथे थांबला नाही. तो धावत फाट्यावर आला, तेव्हा तुपाची बरणी हातातच होती. त्या दिवशी त्याची फुई आत गेली, की फाटकाबाहेरच राहिली, हे त्याला माहीत नाही. तेव्हापासून तो काळा चहा पितो.

हे सगळं त्यानेच सांगितलं. त्या संध्याकाळच्या आधीचं फुईने त्याला फोनवर रडत रडत सांगितलं होतं, आणि तेव्हा तो हसला होता.

त्या दिवसानंतर तसा फोन पुन्हा आला नाही.

ब्राह्मणपुरीत मंगलाबाईंचं घर आहे. गोठा आहे, भुरी मजेत आहे. शेवग्याच्या शेंगा आता अर्ध्या-अर्ध्या वाटल्या जातात. धनुबाई सांगतात, मंगला किती बदलली, तोंडात साखर आहे नुसती.

म्हणून म्हटलं, मंगलाबाईंना विचारू नका.

त्या सांगतील. बसवतील, चहा पाजतील, गोड बोलून सगळं सांगतील...

फक्त त्यांच्या अंगावरचं पातळ हिरवं आहे का, एवढं बघा.