चार मिनिटांचं आकाश

ताईची नजर पुरती जायच्या आत तिला एकदा आकाशगंगा दाखवायची, एवढ्यासाठीच आमची मोहीम निघाली. मोहीम हा शब्द जरा मोठा झाला. मी, माझी थोरली बहीण आणि तिचा नवरा, अशी तीन माणसं. डोंगर चढण्याचा अनुभव विचाराल, तर तिघांचा मिळून शून्य!

मी चष्म्याचा दुकानदार. लोकांच्या अधू डोळ्यांवर माझं पोट चालतं, पण सख्ख्या बहिणीच्या डोळ्यांना लावायला माझ्याकडे एकही भिंग नाही. रातांधळेपणा तिला तरुणपणीच आला. अंधार पडला की तिच्यापुरतं जग बंद. आता दिवसाची नजरही कडेकडून आत आत आवळत चालली होती. समोरचं दिसे, बाजूचं नाही. हे थांबणार नाही असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी ताईला हे सांगितलं नाही, तरी तिला माझ्या आवाजावरून कळलंच. तिने सगळी नोकरी इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर म्हणून केली. समोरचा किती घाबरलाय, किती खोटं बोलतोय, हे तिला नुसत्या ‘हॅलो’त समजतं.

एकदा गल्लीतली वीज गेली होती. मी दुकानाच्या गच्चीवर फोन विटेला टेकवून नाइट मोडवर सहज एक फोटो काढला, तर काळ्या पडद्यावर चार-पाच तारे लख्ख उमटले. मी फोन ताईच्या हातात दिला. तिने तो नाकाजवळ धरला आणि एकेका ठिपक्यावर बोट टेकवलं. मग म्हणाली, “हे आत्ता आपल्या डोक्यावर आहेत?” मी हो म्हटलं. उमेदीच्या वयापासून तिने तारा पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिला नेटवरचे एकाहून एक सरस फोटो दाखवले. ते तिने अनोळखी लोकांच्या लग्नाचा अल्बम चाळावा तसे चाळले. तिला दुसऱ्यांनी काढलेलं आकाश नको होतं. आपण जिथे उभे आहोत तिथलं, त्याच घटकेचं हवं होतं. झालं, माझ्या मनाने घेतलं! धरणामागच्या डोंगरावर एक उघडं पठार होतं, जिथून माणसाचा एकही दिवा दिसत नाही. अमावास्या गाठायची, फोन ट्रायपॉडवर लावायचा, चार मिनिटांचा एक्स्पोजर द्यायचा. फोन चार मिनिटं डोळे न मिटता वर बघतो आणि आपल्याला दिसतं त्याच्या कितीतरी पट टिपतो. पुढच्या अमावास्येपर्यंत ढगांचा मोसम लागणार होता, आणि तो संपेपर्यंत ताईचे डोळे टिकतील याची हमी कुणीच देत नव्हतं.

दाजींचा धंदा कुलूप-किल्लीचा. आयुष्यभर मान खाली घालून कुलपांत डोकं घातलेला माणूस. कुरकुर तर त्यांच्या पाचवीला पुजलेली. चहा गरम असला तरी तक्रार, निवला तरी तक्रार. “वर बघायला एवढं लांब कशाला जायचं? वर तर इथंही आहे,” असं म्हणाले, आणि निघायच्या दिवशी सगळ्यांत आधी बसथांब्यावर येऊन उभे राहिले.

निघण्यापूर्वी मी एक अतिशहाणपणा केला. कॅमेऱ्यावर ओरखडा नको म्हणून दुकानातली पातळ काच मापात कापली, घासली आणि कडेने गोंद लावून फोनच्या भिंगावर चिकटवली. काम इतकं नेटकं झालं की मी माझ्यावरच खूश!

दुपारी बसने आम्हाला धरणाच्या भिंतीपाशी सोडलं. जंगलातून वाट चढत होती. ताईच्या कमरेला दोर बांधून त्याचं दुसरं टोक दाजींनी आपल्या कमरेला बांधलं होतं. ती चांगली चालत होती. दगड, मूळ, खड्डा, काहीही आलं की दाजी पुढून करवादायचे आणि ती बरोबर तिथे पाय उचलायची. ती कुरकुर म्हणजे तिची काठीच होती म्हणा ना.

पहिला दणका ओढ्याने दिला. पाणी गुडघ्याच्या वर, ओढ जबर. दोर सोडून मी आधी ताईला पार नेलं. मग दाजी उतरले, पाठीवर मोठी पिशवी. मधोमध त्यांचा पाय शेवाळावरून सटकला. दाजी पडले! पिशवी सुटली! मी धावलो, त्यांचा दंड पकडला, ओढलं. ते आले. पिशवी गेली. तिच्यात टॉर्च होती, पॉवर बँक होती, कोरडे कपडे होते. दाजींच्या खिशातल्या फोननेही पाणी पिऊन मान टाकली. ताईकडे फोन नव्हताच. निवृत्त झाल्यावर तिने त्या यंत्राशी काडीमोड घेतला होता. राहिला फक्त माझा फोन. आमची टॉर्च तोच, नकाशा तोच आणि कॅमेराही तोच.

मी परत फिरू म्हणालो. ताईनेही मान डोलावली. तिचा चेहरा मला बघवेना. दाजींनी मात्र विजार पिळत दोघांनाही झाडलं. एवढी पायपीट करून आता माघारी वळायचं तर मला घरातूनच कशाला ओढून आणलं, असा त्यांचा सवाल होता. आम्ही पुढे निघालो.

सांज होताना कड्याखाली दगडी निवारा लागला. चार भिंती, छप्पर, कुणीतरी रचून ठेवलेली लाकडं. इथे शेकोटी पेटवून दाजींना शेकायचं आणि मगच वर जायचं, हे सरळ होतं. पण क्षितिजावर ढगांची एक काळी कड दिसायला लागली होती. ते इथवर यायच्या आत फोटो उरकायला हवा होता. विजार वाऱ्यावर वाळतेय, चला, असं दाजीच म्हणाले. माझ्या पाठीवरची ब्लँकेटं निवाऱ्यात टाकून आम्ही ओझं हलकं केलं. जिवावर बेतणारी चूक ती हीच.

शेवटचा टप्पा म्हणजे डोंगराची एक अरुंद सोंड. एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. अंधार पडला आणि ताई पूर्ण आंधळी झाली. फोनच्या उजेडात मी एकेक पाऊल सांगत होतो. वारा अंगावर येत होता. चार्ज भराभर उतरत होता, कारण थंडी बॅटरीला खाते. ताईचा एक पाय घसरला, दगड कड्यावरून सुटले आणि खाली पोचल्याचा आवाजच आला नाही. दोर ताणला. दाजींनी तिला छातीशी ओढून घेतलं आणि शिव्या मात्र दगडांना दिल्या.

वर पोचलो, उजेड मालवला आणि मान वर केली. पठाराच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आकाश असं खच्चून भरलं होतं, की लहानपणापासून ओळखीचे तारेसुद्धा त्या गर्दीत हरवले होते, आणि मधून आकाशगंगेचा तो फिकट, कुठे दाट कुठे विरळ पट्टा आरपार गेला होता. माझ्या शेजारी ताई वर तोंड करून उभी होती. तिचे डोळे उघडे होते आणि तिला काहीही दिसत नव्हतं. मला माझ्या दोन चांगल्या डोळ्यांची लाज वाटली.

मी ट्रायपॉड रोवला, टायमर लावला, फोकस अनंतावर नेला आणि आधी एक छोटा फोटो काढून पाहिला. पडद्यावर नुसता धुरकट गोळा! भिंग पुसलं, परत काढला. परत गोळा! मग लक्षात आलं, की मी हौसेने लावलेल्या काचेच्या आत दव धरलं होतं. बाहेरून कितीही पुसा, आतली वाफ जाणार कशी? मी चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. बोटं बधिर. काच निघेना, जोर करावा तर खालचं भिंग फुटेल. माझ्याच गोंदाचा मला इतका राग कधी आला नव्हता. अखेर काच तडकली आणि तुकड्यातुकड्याने सुटली. चार्ज नऊ टक्के. ढगांनी निम्मं क्षितिज गिळलं होतं.

मी बटण दाबलं. पडद्यावर चार मिनिटं उलटी मोजली जाऊ लागली. कुणी हलायचं नाही. ताई दाजींना टेकून बसली होती, हात मांडीवर जुळवून.

तेवढ्यात दाजी बोलले.

“किती छान वाटतंय इथं,” ते म्हणाले. “ऊबसुद्धा आली आता. तू माझ्यासाठी फार केलंस गं.”

मला ते ऐकून बरं वाटलं. ताई मात्र ताठ झाली. तिने चाचपडत त्यांचा हात शोधला, मग गाल, मग मान. दाजी कोटाची बटणं काढत होते.

“फोन काढ तिथून,” ती मला म्हणाली.

दोनच मिनिटं राहिलीत, मी सांगितलं.

“काढ म्हणते ना! हे गोड बोलतायत. हे कधी गोड बोलतात? थंडीने जायला लागलेला माणूस असाच बोलतो. इस्पितळातल्या फोनवर ऐकलेत मी असे आवाज.”

मी फोन उपटला. पडद्यावरचे आकडे थांबले. पुन्हा लावायला चार्ज नव्हता, वेळ नव्हता आणि ताईकडे दुसरी अमावास्या नव्हती. हे तिघांत तिलाच सगळ्यांत नीट माहीत होतं, आणि तिने उसासासुद्धा टाकला नाही.

माझा कोट मी दाजींवर चढवला आणि सोंडेवरून उतरायला लागलो. पुढे मी, मध्ये दाजी, मागे ताई, एकाच दोरात. दाजी झोपेतल्यासारखे अडखळत होते. सारखे बसत होते. एकदा तर कड्याच्या बाजूलाच बसले! आम्ही दोघांनी जीव खाऊन ओढलं. सोंड निम्मी उतरलो आणि फोन गेला. उजेड विझला.

“आता वर बघा,” ताई दाजींना म्हणाली. हा तिचा ऑपरेटरचा आवाज होता. त्याला नाही म्हणता येत नसे. “काय दिसतंय ते मला सांगा.”

“तारे.”

“किती?”

“पुष्कळ. झोप येतेय गं.”

“सांगून झालं की झोपा. पुष्कळ म्हणजे किती? कुठे? मला दिसत नाही, माहितेय ना?”

मी पायाने वाट चाचपत होतो. मागे दाजी तुटक तुटक सांगत होते. एक पट्टा आहे. पांढरट. मध्येच फाटलाय. डावीकडे तीन एका ओळीत. ते थांबले की ताई दोराला हिसका द्यायची आणि पुढचं विचारायची. त्यांचे शब्द जड होत गेले, एकमेकांत अडकायला लागले. मग काहीच नाही. ताईने हिसका दिला, पुन्हा दिला. मला वाटलं, संपलं.

“हे काय चाललंय वर?” अचानक दाजी खेकसले. “ना रांग, ना शिस्त. तीन सरळ ठेवले आणि चौथा वाकडा! माझ्या दुकानात लोखंडाचा कीस सांडतो, तोसुद्धा मी संध्याकाळी झाडतो. इथं कुणी केर काढतच नाही की काय?”

ताई रडायला लागली. मोठ्याने, तोंड न लपवता. दाजी त्यावरही कुरकुरले, आणि तसेच कुरकुरत निवाऱ्याच्या दारापर्यंत चालत आले.

रात्रभर शेकोटी पेटती ठेवली. दोघांना ब्लँकेटात गुंडाळून मी लाकडं सारत बसलो. उजाडलं तेव्हा दाजींच्या ओठांना रंग आला होता आणि ढगांनी पठार झाकून टाकलं होतं.

घरी आल्यावर फोन चार्ज केला. त्यात तो अर्धवट फोटो होता. अंधार, आणि मी फोन उपटला तेव्हा सगळे तारे एकदम ओढले जाऊन झालेल्या वेड्यावाकड्या रेघोट्या. ताईने तो नाकाजवळ धरून पाहिला आणि म्हणाली, राहू दे. ढगांचा मोसम सरेपर्यंत तिला पडद्यावरचंही दिसेनासं झालं.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. दोघं गॅलरीत बसली होती. त्यांची गॅलरी रस्त्याच्या दिव्यासमोर. वर नुसता पिवळट उजेड आणि धूर, एकही तारा नाही. तिथून कधीच दिसत नाही.

“आज काय आहे वर?” ताईने विचारलं.

“काय असणार? तोच पसारा,” दाजी म्हणाले. “पट्टा परत मध्येच फाटलाय. डावीकडचे तीन आहेत जागेवर, चौथा अजून वाकडाच. सांगून उपयोग आहे का कुणाला?”

मी उंबऱ्यात थांबलो. दाजी करवादून, वैतागून, एकेका ताऱ्याला नावं ठेवत सांगत होते. आवाजात चुकूनही गोडवा येऊ नये, याची ते डोळ्यांत तेल घालून काळजी घेत होते. आणि ‘हॅलो’त खोटं ओळखणारी माझी बहीण वर तोंड करून ऐकत होती.

“आणि उजवीकडे?” ती म्हणाली.