ठोकळ्याने मोजलेला हलवा

श्रावणात आमच्या घरात मुंग्यांची रांग लागली, ती थेट कुंदाआत्याच्या कपाटापर्यंत. आत हलव्याचे दागिने होते. आता मला सांगा, संक्रांतीला घालायचे साखरेचे दागिने श्रावणात कोण करून ठेवतं?

आमचा ठोकळा. ठोकळा म्हणजे आत्याचा नियोजन-रोबो (कोणतं काम कधी आणि किती करायचं ते आधी आखून देणारं यंत्र). तो आजोबांनी, म्हणजे आत्याच्या बाबांनी बनवलाय. आत्याने त्याला एवढंच सांगितलं होतं, "वर्षाला दोनशे चाळीस संच जातात." पठ्ठ्याने भागिले बारा केलं आणि दर महिन्याला वीस संच करायला लावले. ओल्या हवेत ते चिकट झाले, मग मुंग्यांची चंगळ झाली.

आत्या भडकली. "थांब, आता तुला दाण्यादाण्याची माहिती देते," म्हणाली. ठोकळ्याच्या पाठीवर बारकाव्याची पातळी (माहितीचे तुकडे किती मोठे किंवा छोटे ठेवायचे ते) ठरवणारी खुंटी आहे. ती तिने अगदी तळाला ओढली.

संक्रांत पाच दिवसांवर आली. साठ घरांत बाळांची पहिली संक्रांत होती आणि सगळ्यांना आत्याने शब्द दिला होता. माझा भाऊ इंद्रनील त्यातलाच एक. ठोकळा मात्र अजून मोजतच होता.

"पहिल्या हाराचा एकशे सत्तावन्नावा दाणा," तो म्हणाला. "आराखडा चैत्रात तयार होईल."

"चैत्रात काय, गुढीला घालू दागिने?"

"गुढीला गाठी असतात," ठोकळ्याने माहिती दिली.

आत्या मटकन खाली बसली. "बाबा, बाळाची पहिली संक्रांत परत येते का हो?" तिचे डोळे भरून आले. मला ठोकळ्याचा असा राग आला की त्याची तारच उपटावी.

आजोबांनी चष्मा पुसला. "कुंदे, उद्या सकाळी उठून तू काय ठरवणार?"

"कोणते दागिने किती करायचे ते."

"मग 'एक दिवस' आणि 'दागिन्याचा प्रकार', एवढाच बारकावा पुरे. वर्षाचा एकच आकडा दिलास, त्यात संक्रांत कुठे दिसणार? दाणे मोजायला लावलेस, त्यात हार हरवला. जे ठरवायचं, तेवढंच बारीक बघायचं."

त्यांनी खुंटी मधोमध आणली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ठोकळा बोलला, "उद्यापासून रोज हार पंधरा, बासऱ्या पंधरा, मुकुट पंधरा."

"पण मुकुट सगळ्यांना बसतील कसे?" मी विचारलं. "हार दोऱ्याने सैल करता येतो. आमच्या इंद्रनीलचं डोकं म्हणजे नारळ आहे."

आजोबा हसले. "बघ, पोरीने बरोबर पकडलं. प्रत्येक गोष्टीला सारखाच बारकावा लागत नाही. मुकुटापुरतं एक पायरी खाली उतरू." मग आम्ही साठ घरी फोन करून डोक्यांची मापं घेतली. लहान, मध्यम आणि इंद्रनील, असे तीन प्रकार झाले.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी साठावा संच गेला. आत्याने चक्क ठोकळ्याची दृष्ट काढली. हल्ली तो कामाआधीच विचारतो, "यावरून काय ठरवायचं आहे?" मोठी झाले की मी असा ठोकळा करणार, ज्याला खुंटी लागणारच नाही.

बोरन्हाणाला इंद्रनीलचा मुकुट डोक्यावर फिट्ट बसला. मग त्याने तो ओढून काढला आणि एकेक दाणा चाटायला लागला.

"हा अजून तळाच्या पातळीवर आहे," ठोकळा म्हणाला. "याची खुंटी कुठे आहे?"