हौदातले दोन हिसके

खोटं वाटेल त्यानं खुशाल उठून जावं. पण हे घडलेलं आहे.

साल १९३६, वैशाख महिना. नाशिक जिल्ह्यातलं, येवल्याच्या अलीकडचं एक लहान गाव. नाव सांगत नाही, तिथं अजून माणसं राहतात.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. भर दुपारचं ऊन होतं.

गावाबाहेर येवला म्युनिसिपालटीचा खोल हौद होता. गटारांचं घाण पाणी त्यात निवळायचं. वरचं पाणी कांद्याच्या वावरांना जायचं आणि तळाचा गाळ माणसानं उतरून काढायचा, कमरेला दोर बांधून. एक हिसका दिला म्हणजे ठीक आहे. दोन हिसके म्हणजे... मला वर ओढा.

त्या दिवशी खाली केरू होता. वर दोर धरून झिपरू, माझ्या आज्याचा चुलता. दोघं लहानपणापासूनचे जोडीदार. केरू दुसऱ्या कुणाच्या हाती दोर द्यायचाच नाही.

थोड्या वेळानं दोन हिसके आले.

झिपरू ओढू लागला, तोच मुकादम खंडेरावानं दोरावर पाय दिला.

"सोंग करतोय त्यो. उद्या साहेब पाहणीला येनार हाय. गाळ निघाल्याबिगर वर यायचं नाय."

"मुकादम, केरू उगा बोलवायचा नाय."

"मंग तू उतरतो का?"

झिपरूनं ओढणं थांबवलं.

पुन्हा दोन हिसके.

मग... एकही नाही.

केरूला वर काढलं तेव्हा त्याच्या नाकातोंडात गाळ होता. 'दारू पिऊन पडला' असं कागदावर लिहिलं गेलं. केरूनं जन्मात दारूला हात लावला नव्हता. तरी झिपरूनं मुकाट त्या कागदावर अंगठा दिला.

पंधरा दिवसांनी केरूच्या जागी झिपरूचा धाकटा भाऊ भिवा उतरला. झिपरूनं मनाशी शपथ घेतली. दोन हिसके आले की ओढायचं, मग मुकादमानं मान कापली तरी बेहत्तर.

भिवाचे पाय तळाला टेकले न टेकले तोच...

दोन हिसके.

झिपरूनं जिवाच्या आकांतानं दोर ओढला. भिवा वर आला तो धडधाकट.

"काय झालं दादा?"

"तूच हिसका दिला ना?"

"म्या? म्या दोराला हातबी लावला नाय."

तो पुन्हा उतरला. पुन्हा दोन हिसके, पुन्हा भिवा ठणठणीत. तिसऱ्यांदाही तेच. बाकीचे गडी खो खो हसत होते.

"आता वढलं तर दोघंबी उद्यापासून घरी बसा," खंडेराव म्हणाला.

भिवाही वैतागला. "दादा, लय झालं. नीट धरून बस."

चौथ्यांदा तो उतरला. बराच वेळ काहीच नाही.

आणि मग... दोन हिसके.

झिपरूनं डोळे मिटले. "केरू, सोड रं आता," तो पुटपुटला. त्यानं दोर ओढला नाही.

पुन्हा दोन. जरा हळू.

मग दोर सैल पडला.

या वेळी दोर भिवानंच ओढला होता.

खंडेराव ऐंशी वर्षं जगला आणि झोपेत गेला. त्याला कधी काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. मला अजून याचाच राग येतो, आणि भीतीही वाटते.

केरूनं तुलाच का धरलं, असं कुणी विचारलं की म्हातारा झिपरू खाली बघत बोलायचा.

"मुकादमाचा पाय वर व्हता. खालून केरूला काय दिसनार? त्याला येवढंच ठाव, दोर माझ्या हातात हाय."